रडवणारे सिनेमे हसवायला लागतात तेव्हा

लहानपणी डोळे विस्फारून बघितलेले सिनेमे आणि टीव्हीवरच्या मालिका घ्यायच्या आणि हसून हसून पोट दुखेल असं त्यांचं परीक्षण करायचं, हा उद्योग हल्ली आमच्या नात्यागोत्यात जोरात आहे. गणपती असोत की कुणाचं केळवण, जेवणं झाली की माझ्या भाच्याला फर्माईश होते. मग तो 'शक्तिमान'पासून 'झपाटलेला'पर्यंत एकेकाची हजेरी घेतो. परवा मला म्हणाला, "मावशी, हा प्रकार आमच्या पिढीने काढला. तुमच्या पिढीला स्वतःला आवडलेल्या गोष्टीवर हसताच येत नसे." भाचा सेहेचाळीस वर्षांचा आहे, त्याला आता बाकावर उभं करता येत नाही. म्हणून हा लेख. (जरा लांबला आहे. चहा घेऊन बसा.)

सुरुवात आचार्य अत्र्यांपासून करावी लागेल. १९२५ साली 'केशवकुमार' या नावाने त्यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनांचा संग्रह आला. पुण्यातलं रविकिरण मंडळ तेव्हा ऐन भरात होतं. अत्र्यांनी त्या कवींची वृत्तं, त्यांचे लाडके शब्द, त्यांचे उसासे सगळं जसंच्या तसं उचललं आणि आत भलताच विषय भरला. विडंबन म्हणजे काय हे वर्गात शिकवताना मी मुलांना नेहमी सांगायचे, की ज्याची नक्कल करायची ते आधी तोंडपाठ पाहिजे. अर्धवट वाचलेल्याची फक्त टिंगल करता येते, विडंबन नाही. अत्र्यांना ते सगळे कवी पाठ होते.

आणि हेच अत्रे १९५३ साली 'श्यामची आई' काढतात! देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळालं. महाराष्ट्राला इतकं हसवणाऱ्या माणसाने महाराष्ट्राला इतकं रडवावं, यात मला तरी विसंगती दिसत नाही. कुठे रडू येतं हे ज्याला नेमकं कळतं त्यालाच कुठे हसू येईल तेही कळत असणार.

'श्यामची आई' तर आमच्याच जिल्ह्याची. सानेगुरुजींचं पालगड दापोली तालुक्यातलं. मी तो चित्रपट पहिल्यांदा बघितला तो शाळेच्या पटांगणात, दोन बांबूंना बांधलेल्या पडद्यावर. वारा आला की वनमालाबाईंचा चेहरा फुगायचा. रीळ बदलेपर्यंत अंधारात गुरुजी "गप्प बसा रे" म्हणून ओरडत राहायचे, आणि त्यांचाच आवाज रडका झालेला असायचा. आम्ही सगळी पोरं हुंदके देत घरी गेलो होतो.

पुढे मी शिक्षिका झाले. १९८७ सालच्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांनी त्याच 'श्यामची आई'वर दहा मिनिटांची नाटुकली बसवली. बसवली म्हणजे, मीच परवानगी दिली होती. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला सांगतो, तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. आमच्या नववीतली आई (हा एक दांडगा कबड्डीपटू होता, नऊवारीत) कमरेवर हात ठेवून म्हणाली, "स्लिपर घाल मेल्या, पदर धुवायला साबण काय तुझा बाप देणार?" मंडप डोक्यावर घेतला मुलांनी. मागे बसलेल्या आयांना तर हसू आवरेना, कारण साबणाचा हिशोब त्यांच्याइतका कुणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. संस्कारांची चेष्टा, सानेगुरुजींचा अपमान, बरंच काही ऐकून घेतलं. तेव्हा आमचे गणिताचे सर मध्ये पडले. सर सेवा दलात वाढलेले, सानेगुरुजींना त्यांनी प्रत्यक्ष ऐकलेलं. आदल्या दिवशी सगळ्यांत जास्त तेच हसले होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते मुख्याध्यापकांना एवढंच म्हणाले, "साहेब, त्या पोरांना पुस्तकातला प्रसंग न् प्रसंग माहीत होता. आपल्यापैकी किती जणांना आहे?" विषय तिथे संपला. पुढच्या वर्षी मात्र स्नेहसंमेलनाचं काम दुसऱ्या बाईंकडे गेलं. असो.

आता सिनेमाच्या परीक्षणाकडे वळते. चित्रपटाची सालं काढणारं लिखाण आपल्याकडे बाबूराव पटेलांनी रुजवलं. हे पालघरजवळच्या मासवणचे. १९३५ साली त्यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केलं, आणि त्यांच्या लेखणीला भले भले निर्माते टरकून असत. पण बाबूराव झोडपायचे ते नव्या चित्रपटाला, तो थिएटरात चालू असताना. त्यात कुणाचे पैसे बुडायचे, कुणाचं नाव जायचं. मी म्हणते तो प्रकार वेगळा. त्यात वीस-तीस वर्षांपूर्वीचा चित्रपट असतो, त्याचे पैसे कधीच वसूल झालेले असतात, आणि बोलणाऱ्याला तो चित्रपट एकेकाळी मनापासून आवडलेला असतो. इथे निर्मात्याचं काही बिघडत नाही. बिघडलंच तर प्रेक्षकाचं बिघडतं. त्याबद्दल पुढे सांगते.

कोकणात तर हा प्रकार सिनेमाच्याही आधीपासून आहे. आमच्याकडच्या नमन-खेळ्यांत काळ्या कपड्यांतला, उंच टोकदार टोपीचा संकासुर असतो. गवळणीत मावशीचं सोंग घेतलेला बाप्या प्रत्यक्ष कृष्णाला उलट बोलतो, आणि समोर बसलेली माणसं, जी नमनाआधी भक्तिभावाने नारळ ठेवून आलेली असतात, तीच खदखदा हसतात. देवाच्या खेळात देवाची थट्टा! कुणाच्या भावना दुखावल्याचं मी तरी ऐकलं नाही.

यातूनच पुढे 'वस्त्रहरण' आलं असं मला वाटतं. गंगाराम गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. गावात पौराणिक नाटक बसवताना उडणारी तारांबळ त्यांनी लहानपणापासून बघितलेली. संवाद विसरणारी पात्रं, मधेच डोकं बाहेर काढणारा प्रॉम्प्टर, द्रौपदीचं काम करणारा पुरुष, नाटकापेक्षा मानपानाची जास्त काळजी असणारे गावकरी. या सगळ्याचं त्यांनी मालवणीत नाटक केलं. १९८० साली ते व्यावसायिक रंगभूमीवर आलं तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळासुद्धा झाला नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला. सुरुवातीला नाटकाला गर्दी नव्हती. मग पु. ल. देशपांडे यांनी बघून मनापासून दाद दिली आणि नाटकाचं नशीब पालटलं. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच घरोघरी पोचला, प्रयोग पाच हजारांच्या वर गेले. कांबळी २००७ साली गेले, गवाणकर २०२५ साली.

'वस्त्रहरण' म्हणजे माझ्या मते एका नाटकाचं सगळ्यांत लांबलचक विनोदी परीक्षणच. फक्त परीक्षण करणारा पहिल्या रांगेत पाय पसरून बसलेला नाही, तो विंगेत उभा आहे आणि त्याच्या तोंडालाही रंग लागलेला आहे. म्हणून मुंबईच्या चाळींतले चाकरमानी ते बघताना चिडले नाहीत. त्यांना त्यात आपलं गाव दिसलं.

आणि मग शिरीष कणेकर. हे मूळचे पेणचे, म्हणजे तेही कोकणातलेच (पेणकर मानोत न मानोत). पत्रकारिता केली, क्रिकेटवर लिहिलं, सिनेमावर लिहिलं. 'यादों की बारात', 'गाये चला जा' ही पुस्तकं ज्यांनी वाचली आहेत त्यांना माहीत आहे, की लता आणि दिलीपकुमार या दोन नावांपुढे हा माणूस हात जोडून उभा राहायचा. आणि तोच 'माझी फिल्लमबाजी' घेऊन रंगमंचावर एकटा उभा राहिला की हिंदी सिनेमाचं काही शिल्लक ठेवायचा नाही. ना नेपथ्य, ना सहकलाकार. ज्याला आता स्टँडअप म्हणतात ते त्यांनी मराठीत, हा शब्द आपल्याकडे कुणाला माहीत नसताना केलं. २५ जुलै २०२३ ला ते गेले.

आमच्याकडे त्याची कॅसेट होती. आमचे हे एरवी हसण्याच्या बाबतीत काटकसरी, पण ती कॅसेट लावली की यांना ठसका लागायचा. कणेकर सिनेमा वरून, परीक्षकाच्या खुर्चीतून बघत नसत, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. ते ज्यावर हसत ते सगळं त्यांनी पदरचे पैसे मोडून बघितलेलं होतं. भारतभूषण, प्रदीपकुमार यांच्या चेहऱ्यांवर ते तुटून पडत, पण त्यांचे सिनेमे बघितल्याशिवाय राहिलेले नसत. म्हणजे थट्टा झाली तर आधी स्वतःची झाली.

त्यांच्यामुळे आम्हालाही ती नजर लागली. जत्रेत नाहीतर भूकंपात हरवलेली मुलं शेवटच्या रिळात एकमेकांना सापडणार, हे १९६५ च्या 'वक्त'पासून आम्ही मुकाट्याने मान्य केलेलं. हिरो बी.ए. झाला की धावत येऊन शिवणयंत्रावर बसलेल्या आईला मिठी मारणार. मीही बी.ए. झाले हो! निकाल पोस्टाने आला, आई चुलीपुढे होती, ती म्हणाली, "बरं झालं, आता ते भात निवडायला घे."

दूरदर्शनची गोष्ट जरा वेगळी आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण रत्नागिरीत टीव्ही म्हणजे काय ते कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. १९८४ च्या सुमारास देशभर छोट्या प्रक्षेपण केंद्रांचा सपाटा लागला आणि कौलांवर अँटेना दिसायला लागल्या. आमचा टीव्ही वीस इंची, काळापांढरा, लाकडी शटरचा. वारा सुटला की मुंग्या. मग एकाने वर चढून अँटेना फिरवायची, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!"

२५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण'. ३१ जुलै १९८८ पर्यंत आमच्या घराचा रविवार त्याच्यावर ठरलेला होता. सासूबाई आंघोळ करून, टीव्हीला हळदकुंकू लावून बसायच्या. शेजारची वीस-पंचवीस माणसं, चपलांचा ढीग दारात. राम पडद्यावर आले की म्हातारी माणसं हात जोडायची. त्यात कुणी फिस्सकन हसणं शक्यच नव्हतं.

२०२० साली मुलगा-सून-नातू पुण्याहून शिमग्याला म्हणून आले ते टाळेबंदीत इथेच अडकले. २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं. (१६ एप्रिलच्या एका दिवशी ७ कोटी ७० लाख लोकांनी बघितलं, असा दूरदर्शनने दावाही केला.) चौदा वर्षांचा नातू आमच्यात बसला आणि पहिल्याच युद्धात सुरू झाला. दोन बाण समोरासमोरून येत होते, सावकाश, चमचमत. "आजी, हे बाण एस्टीने येतायत का? मधे चिपळूणला थांबणार?" यांनी आधी डोळे वटारले. पुढचा बाण आला तेव्हा हेच म्हणाले, "हा विनाथांबा दिसतोय."

मी विचार करत बसले, की हे मला १९८७ साली का दिसलं नाही? मी तेव्हा काही भोळी नव्हते, छत्तीस वर्षांची शिक्षिका होते. एक कारण अगदी साधं आहे. वीस इंची काळ्यापांढऱ्या पडद्यावर, मुंग्यांतून, पंचवीस माणसांच्या मागे उभं राहून मुकुटाचा पुठ्ठा दिसत नाही. दाढी कुठे चिकटवली आहे ते दिसत नाही. आता त्रेचाळीस इंची पडद्यावर सगळं उघडं पडतं. तेव्हा जे दिसत नव्हतं ते आम्ही मनाने भरून काढत होतो, आणि ते आमचं भरलेलं फार सुंदर होतं. नातवाला भरायला जागाच उरली नाही, मग तो बिचारा काय करणार, हसणार. सासूबाई तोवर गेल्या होत्या. त्या असत्या तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. पण त्यांना संकासुराचं फार वेड होतं, हेही खरं.

भाच्याच्या हुकमी एक्क्यांतला 'झपाटलेला' (१९९३) तसाच. रामदास पाध्यांचा तो तात्या विंचूचा बाहुला बघून भाची आठवडाभर एकटी मागीलदारी जात नव्हती. आता तिची मुलं त्याला बघून लोळतात, आणि भाची त्यांना रागावून सांगते, "तेव्हा खरंच भीती वाटायची रे!"

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. 'माहेरची साडी'.

विजय कोंडके यांचा हा चित्रपट १९९१ साली आला. 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी चित्रपटावरून केलेला. अलका कुबल यांची लक्ष्मी, जन्मतानाच आई गेली म्हणून बापाने अपशकुनी ठरवलेली, सासरी उषा नाडकर्णींच्या सासूकडून छळ सोसणारी. मराठीत तोवर कुठल्याही चित्रपटाला क्वचितच मिळालं असेल असं यश त्याला मिळालं. रत्नागिरीत खेड्यापाड्यांतून बायका गाड्या करून यायच्या. आम्ही शाळेतल्या पाच जणी गेलो होतो. मला खरं सांगायचं तर तेव्हाही तो फार ओढूनताणून रडवणारा वाटला होता, आणि आजही वाटतो. पण थिएटरात तो हुंदक्यांचा आवाज... तो मी विसरलेले नाही.

भाचा या चित्रपटाचं परीक्षण अप्रतिम करतो. छळाची यादी तो वाणसामानाच्या यादीसारखी वाचतो, कुठल्या रिळात किती, एकूण बेरीज किती. मागे एका केळवणात त्याने ती केली तेव्हा सगळे गडाबडा लोळत होते. आमच्या नात्यातल्या एक काकू तेवढ्या उठून आत गेल्या. (नाव लिहीत नाही. जे नातेवाईक वाचतायत त्यांना कळेलच.) मी मागोमाग गेले. त्या ताटं विसळत होत्या, रागावलेल्या वगैरे काही नव्हत्या. म्हणाल्या, "मी तो पिक्चर चारदा बघितला गं. घरी रडले असते तर का रडतेस म्हणून विचारलं असतं. तिथे कोणी विचारत नव्हतं."

त्यांचं सासर आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणीच कधी काही बोललं नव्हतं.

त्या दिवसापासून मी सिनेमाच्या या थट्टेचा दोन अंगांनी विचार करते. सिनेमातला जुलूम खोटा, ढोबळ, बटबटीत होता, त्यावर हसावं, खुशाल हसावं. पण त्या थिएटरातल्या शेकडो बायका मूर्ख होत्या म्हणून रडत होत्या, असं त्या हसण्यातून कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. त्या सिनेमासाठी रडतच नव्हत्या. सिनेमा त्यांना तीन तासांचा अंधार भाड्याने देत होता. 'वस्त्रहरण'मध्ये आणि कणेकरांमध्ये बोलणारा माणूस त्या अंधारात इतरांबरोबर बसलेला होता. भाचा १९९१ साली बारा वर्षांचा होता, तो बाहेर भेळ खात होता. मी त्याला काकूंचं नाव न घेता हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. हल्ली तो यादी वाचतो ती त्या सिनेमातल्या बापाच्या बाजूने वाचतो, म्हणजे बापाने मुलीला एकदा जवळ घ्यावं म्हणून किती रिळं जावी लागली, त्याचा हिशोब. हसू तितकंच येतं. काकू त्या वेळी कुठे असतात ते मी बघत असते. गेल्या वेळी त्या बाहेरच, मुलींच्यात बसल्या होत्या.

जाता जाता एक गंमत. रडवणारे सिनेमे तीस वर्षांनी हसवायला लागतात, पण हसवणाऱ्यांचं काय होतं? १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'ची खिल्ली उडवणं भाच्याला अजून जमलेलं नाही. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची, पण संवाद 'विच्छा माझी पुरी करा'वाल्या वसंत सबनीसांचे, आणि ते आता लोकांच्या तोंडात म्हणींसारखे बसले आहेत. त्यावर वेगळं हसायचं कसं?

परवा यांची डायबेटिसची गोळी आणायला गेले. मेडिकलमधला मुलगा जेमतेम पंचविशीचा. त्याने बिल केलं, आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि हसायला लागला. बरोबर सत्तर रुपये झाले होते.